रापण्याचं दुकान

मराठीत ‘टॅन’ला आपला शब्द आहे, रापणं. शेतावर राबणारा रापतो, होडी हाकणारा रापतो, स्लॅबवर घमेली चढवणारी बाई रापते. रापण्यासाठी आपल्याकडे कोणी पैसे मोजत नाही. उलट रापलेलं उतरवायला मोजतात. पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही ब्यूटी पार्लरच्या दरपत्रकात ‘डी-टॅन’ची ओळ असते, चेहरा, मान, हात असे वेगवेगळे दर लावलेली. त्यामुळे लिव्हरपूलला शिकायला गेलेल्या भाचीचा पहिल्याच हिवाळ्यात फोन आला, “मावशी, इथे ऊन विकत मिळतं, मिनिटावर!”, तेव्हा मला आधी हसूच आलं.

डिसेंबरात तिकडे दुपारी चारला दिवे लागतात. होस्टेलमधल्या मैत्रिणीने तिला त्या दुकानात नेलं होतं. आत ऊब, खोबऱ्याच्या लोशनचा वास, काउंटरवर मिनिटांची पॅकेजं. मी शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, म्हणून तिने भिंतीवरच्या सूचनांचा फोटो पाठवला आणि विचारलं, “हे सगळं पाळलं तर काही होणार नाही ना?” तिला मी दोन-तीन फोनांत जे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, ते इथे सलग लिहिते.

आधी ते यंत्र. आडवा सनबेड शिंपल्यासारखा उघडतो. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर झोपायचं आणि वरचं झाकण ओढून घ्यायचं. उभा असेल तर कपाटात शिरल्यासारखं आत जायचं, चारी बाजूंनी नळ्या. या नळ्या आपल्या घरच्या जुन्या ट्यूबलाइटच्या सख्ख्या बहिणी. दोन्हींत पाऱ्याची वाफ असते आणि वीज खेळली की ती अतिनील किरण सोडते. ट्यूबलाइटच्या काचेला आतून जो पांढरा लेप असतो, तो त्या किरणांचा दिसणारा उजेड करतो. सनबेडच्या नळीचा लेपच असा निवडतात की बाहेर पडावेत ते अतिनील किरण. आपल्याला जो निळसर उजेड दिसतो तो त्यातला सांडलेला भाग. खरं काम करणारे किरण दिसत नाहीत आणि जाणवतही नाहीत. आत जी ऊब वाटते ती नळ्या तापल्याची. म्हणून कातडी भाजत असली तरी आत असताना कळत नाही. लाली काही तासांनी चढू लागते आणि दुसऱ्या दिवशी पुरती उमटते.

किती ऊन असतं हे? युरोपात सनबेडच्या ताकदीला मर्यादा घातलेली आहे, त्वचा भाजवण्याच्या हिशेबाने दर चौरस मीटरला ०.३ वॅट. अतिनील निर्देशांकात सांगायचं तर १२. म्हणजे साधारण आपली एप्रिल-मेची भर दुपार. ती दुपार आपण झाडाखाली, छत्रीखाली, निदान डोक्याला पंचा गुंडाळून काढतो. तिकडे त्याच दुपारी उघड्या अंगाने उभं राहायचे पैसे घेतात. त्यातही दोन जाती आहेत. ‘यूव्हीबी’ किरण वरच्या थरांत शिरतात आणि भाजतात. ‘यूव्हीए’ खोल जातात, भाजत कमी आणि रापवतात जास्त. दुकानातल्या नळ्यांत भर ‘यूव्हीए’चा असतो. काही जोरकस यंत्रांतलं त्याचं प्रमाण भूमध्य समुद्राकाठच्या भर दुपारच्या दहा ते पंधरा पट भरतं.

दिव्याने माणूस बरा करायची कल्पना जुनी आणि प्रतिष्ठित आहे. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार केल्याबद्दल डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला १९०३ चं नोबेल मिळालं. मुडदूस झालेल्या पोरांना दिव्यांसमोर बसवत. पुढे १९७० च्या दशकात जर्मनीचा फ्रीडरिख वोल्फ खेळाडूंवर अतिनील दिव्यांचा काय परिणाम होतो ते पाहत होता. त्यांची कातडी छान रापते आहे, हे त्याच्या नजरेत भरलं. औषधाचा दिवा दुकानात आला तो असा.

आता रापणं म्हणजे नक्की काय, ते बघू. सगळी गोम तिथे आहे. अतिनील किरण पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएवर आदळतात तेव्हा एकाच धाग्यावरचे शेजारचे दोन मणी एकमेकांना चिकटून बसतात. पेशीत ‘पी-५३’ नावाचं एक प्रथिन राखणदारासारखं असतं. त्याला हा बिघाड कळतो. मग ती पेशी एक संप्रेरक सोडते. त्वचेच्या बाह्य थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या रंगारी पेशी असतात, त्यांच्यापर्यंत तो निरोप पोचतो. त्या मेलॅनिन तयार करतात, त्याच्या बारीक पुड्या बांधतात आणि शेजारच्या पेशींना वाटतात. भातलावणीला वाकलेल्या माणसाने पाठीवर इरलं घ्यावं, तशी ती पेशी मेलॅनिन आपल्या केंद्रकावर, उन्हाच्या बाजूला पांघरते. शाळेत ही आकृती काढताना मला दर वर्षी कौतुक वाटायचं. पण क्रम बघा: पाऊस आधी, इरलं नंतर. रंग दिसू लागला म्हणजे आतला धागा आधीच बिघडलेला आहे. बराचसा बिघाड पेशी दुरुस्त करते, सगळा करतेच असं नाही.

‘यूव्हीए’चा तर आणखी एक खेळ आहे. पहिल्या सत्रानंतर आरशात जो लगेचचा सावळेपणा दिसतो, तो बहुतेक नवा रंगच नसतो. होतं तेच मेलॅनिन काळं पडलेलं असतं. म्हणजे इरलं वाढलेलं नाही, जुन्यावरच काजळी बसली. स्पेनला सुट्टीवर जाण्याआधी दुकानात थोडं रापून घ्यावं, म्हणजे तिथे भाजणार नाही, असा तिकडे समज आहे. ते संरक्षण मोजलं तर जेमतेम तीन-चार एसपीएफच्या क्रीमइतकं भरतं. अंगातला सुती सदरा त्याहून जास्त देतो. २०१५ मध्ये येल विद्यापीठातल्या डग्लस ब्रॅश यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली: दिवा बंद झाल्यावरही तीन तासांहून जास्त वेळ डीएनएचे मणी चिकटत राहतात, आणि त्यात खुद्द मेलॅनिनचाच हात असतो. इरल्यानेच गळावं तसं.

हे डोक्यात ठेवून भिंतीवरच्या सूचना वाचल्या की त्यांचा अर्थ लागतो.

गॉगल लावा, ही पहिली. ती खरोखर महत्त्वाची आहे, कारण मिटलेली पापणी हे किरण पुरते अडवत नाही. फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये नवखा पोरगा काच न धरता वेल्डिंगकडे बघतो आणि रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखा तळमळतो. ‘आर्क लागला’ म्हणतात तो हाच प्रकार. वर्षानुवर्षं चाललं तर पुढे मोतीबिंदू. तरीही डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं राहतात म्हणून गिऱ्हाइकं मध्येच गॉगल काढतात, असं भाची म्हणाली. रंग सारखा यायला हवा ना!

औषधं चालू असतील तर विचारा, ही दुसरी. ही ओळ लोक वाचत नाहीत आणि तीच सर्वांत जास्त दगा देते. मुरुमांवर देतात ते डॉक्सिसायक्लिन उन्हाला कातडी हळवी करतं. मुंबईत पावसाचं साचलेलं पाणी तुडवून आल्यावर लेप्टोच्या भीतीने देतात ती गोळी हीच. रक्तदाबाच्या काही गोळ्यांतलं हायड्रोक्लोरोथायझाइड, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, काही प्रतिजैविकं, सगळी त्याच माळेतली. आपल्या घरांतून एक जास्तीची भर पडते. कोडावर लावायची बावची! तिच्यात सोरॅलेन असतं, आणि कातडीला लागलेल्या सोरॅलेनवर ‘यूव्हीए’ पडलं की मोठाले फोड उठतात. डॉक्टर तेच रसायन मोजून-मापून, ठरल्या मिनिटांसाठी वापरतात. बावचीचं तेल लावलेला माणूस सनबेडमध्ये गेला तर मोजणारं कोणी नसतं.

अत्तर, डिओ, मेकअप पुसून या, ही तिसरी. तिचं कारणही जवळपास तेच. बर्गमॉटसारख्या लिंबूवर्गीय तेलांत सोरॅलेनचेच भाऊबंद असतात. सेंट मारलेल्या जागी मानेवर ओघळासारखे तपकिरी डाग पडतात आणि महिनोन्महिने जात नाहीत. ओघात सांगून टाकते: चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात फिरू नये, तेही याचसाठी.

मग येतो त्वचेच्या प्रकाराचा तक्ता. हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये सोरायसिसच्या रुग्णांना किरणांची मात्रा किती द्यावी हे ठरवायला तो आखला. पहिल्या प्रकारची त्वचा नेहमी भाजते आणि कधी रापत नाही. तिला दुकानं परत पाठवतात, निदान पाठवायला हवं. आपण मराठी माणसं बहुतेक चौथ्या-पाचव्यात बसतो. भाचीला काउंटरवर कौतुकाने सांगितलं, “तुझी स्किन मस्त आहे, तुला जास्त मिनिटं चालतील.” पण तो तक्ता फक्त एवढंच सांगतो की कोण किती लवकर भाजेल.

दोन सत्रांत ४८ तास सोडा, ही सूचना का? लाली उशिरा उमटते. ती दिसण्याआधीच दुसऱ्यांदा आत गेलं तर भाजल्यावर भाजणं होतं. नळ्या नव्या बसवल्या आहेत का, हे मात्र भिंतीवर लिहिलेलं नसतं आणि विचारायला हवं. जुन्या नळ्यांचा जोर वापराने उतरतो. गिऱ्हाईक सवयीने नेहमीची दहा मिनिटं घेतं आणि नव्या नळ्यांखाली होरपळून बाहेर येतं. बेड आधीच्या माणसानंतर पुसला आहे का, हेही डोळ्यांनी बघावं; घामट अंगाने लोक त्यावर झोपलेले असतात.

राहिलं लोशन. आत जाण्याआधी लावायला विकतात त्या खोबरेल वासाच्या बाटलीत सनस्क्रीन नसतं. ते असलं तर धंदाच बसेल. नंतर लावायचं मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचा गर सुकलेल्या कातडीला बरं वाटायला ठीक आहे. पण तो वरच्या थरापुरता. चिकटलेल्या मण्यांपर्यंत कोरफड पोचत नाही.

आता भाचीच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. भिंतीवरच्या सगळ्या सूचना भाजू नये म्हणून आहेत, आणि तेवढ्यापुरत्या त्या चांगल्या आहेत. रापण्यासाठी जी इजा व्हावीच लागते ती टाळायची सूचना कोणतंच दुकान लावू शकत नाही, कारण ती इजा हाच तिथला माल आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये सनबेडना पहिल्या गटात टाकलं, तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या पंगतीला. या गटाचा अर्थ नीट समजून घ्यावा. कर्करोग होतो याचा पुरावा पक्का आहे, एवढंच तो सांगतो. सनबेड सिगारेटइतका घातक आहे, असं नाही. पस्तिशीच्या आत सनबेड वापरायला सुरुवात करणाऱ्यांत मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा सर्वांत वाईट कर्करोग, ७५ टक्क्यांनी जास्त आढळतो, असं तेव्हाच्या एकत्रित अभ्यासातून निघालं होतं. २०१२ च्या मोठ्या युरोपीय विश्लेषणात, पुढे केलेल्या दुरुस्तीनंतर, तो आकडा ५९ टक्के भरला. मुळात धोका लहान असेल तर त्याची दीडपटही लहानच असते, हे खरं. पण ज्या गोऱ्या मुली या दुकानांची मुख्य गिऱ्हाइकं, त्यांचा मूळ धोका लहान नसतो.

ऑस्ट्रेलियात हे आकड्यांनी कळलं नाही, एका मुलीने कळलं. मेलबर्नची क्लेअर ऑलिव्हर मेलॅनोमाने २६ व्या वर्षी, सप्टेंबर २००७ मध्ये गेली. शेवटच्या आठवड्यांत ती वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवरून सांगत राहिली की माझ्यासारखं सोलारियममध्ये, म्हणजे सनबेडच्या दुकानात, जाऊ नका. दुकानांवर नियम आले, आणि २०१६ च्या सुरुवातीपर्यंत जिथे जिथे ही दुकानं होती त्या सर्व राज्यांत धंदा म्हणून सनबेड चालवण्यावर बंदी आली. ब्राझीलने २००९ मध्येच ती घातली होती. इंग्लंडात २०११ पासून अठराच्या आतल्यांना प्रवेश नाही. अमेरिकेने २०१० मध्ये या सेवेवर १० टक्के कर लावला आणि २०१४ पासून यंत्रावर ठळक चौकटीतला इशारा सक्तीचा केला. मला ऑस्ट्रेलियाचं बरोबर वाटतं. अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून डीएनए काही शहाणा होत नाही.

मग लोक पुन्हापुन्हा का जातात? नुसत्या दिसण्यासाठी नव्हे. रंगारी पेशींना निरोप धाडणारं संप्रेरक ज्या मोठ्या प्रथिनातून कापून निघतं, त्याच प्रथिनातून बीटा-एंडॉर्फिनही निघतं, शरीराची घरची अफू म्हणा. २०१४ मध्ये हार्वर्डच्या डेव्हिड फिशर यांच्या गटाने उंदरांना सहा आठवडे रोज अतिनील किरण दिले आणि मग अफूचा परिणाम तोडणारं नॅलॉक्सोन टोचलं. उंदीर थरथरू लागले, दात वाजवू लागले. व्यसन सुटताना होतं तसं. त्याआधी २००४ मध्ये नेहमी सनबेडवर जाणाऱ्या माणसांना दोन सारखे दिसणारे बेड दिले होते, एक किरण सोडणारा, एक नुसताच दिव्याचा. कोणता कुठला हे सांगितलेलं नव्हतं. पुन्हा निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी जवळजवळ दर वेळी किरणांचाच निवडला. भाची म्हणाली होती, “बाहेर आल्यावर मस्त वाटतं गं.” वाटणारच.

“पण मावशी, आपण तर सावळे.” हा तिचा पुढचा मुद्दा, आणि त्यात तथ्य आहे. आपलं जन्मजात इरलं दाट असतं. मेलॅनोमा भारतात खरोखर कमी होतो. पण गव्हाळ-सावळ्या कातडीचं दुखणं वेगळं असतं: वांग. गालांवरचे ते तपकिरी पट्टे अतिनील किरणांनी गडद होतात आणि मग वर्षानुवर्षं हटत नाहीत. दुसरं, ‘यूव्हीए’ खोल जाऊन त्वचेची ताणाची जाळी खिळखिळी करतं, आणि ते काचेतूनही येतं. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं खिडकीशी बसून त्याचा डावा अर्धा चेहरा उजव्यापेक्षा बराच म्हातारा दिसत होता. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. पुढच्या वेळी एस.टी.त पुढच्या बाकावर जागा मिळाली तर त्याचा उजवा हात बघा. आणि सावळ्या माणसाला मेलॅनोमा झालाच तर तो बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, जिथे उन्हाचा संबंध नसतो आणि कोणी बघतही नाही. बॉब मार्ली १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी गेला, तो पायाच्या नखाखालच्या अशाच डागाने. न भरणारा, वाढणारा, रंग बदलणारा काळा डाग तिथे दिसला तर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

कोड किंवा सोरायसिससाठी आपल्या रुग्णालयांत जी प्रकाशपेटी असते ती दिसायला सनबेडसारखीच, तिला या लेखात ओढू नका. तिच्यात ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अरुंद पट्टा असतो, दर वेळची मात्रा कागदावर लिहिली जाते, आणि बदल्यात एक आजार आटोक्यात येतो. सनबेडने व्हिटॅमिन डी मिळतं, ही सबबही टिकत नाही. ते बनतं ‘यूव्हीबी’मुळे, आणि सनबेडमध्ये भर ‘यूव्हीए’चा.

रंग हवाच असेल तर एक वाट आहे, तिची कथाही मजेची. १९५० च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात इवा विटगेनस्टाइन आजारी मुलांना डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोन नावाची साखर पाजून एक प्रयोग करत होत्या. मुलं ओघळ काढायची, आणि जिथे ओघळ पडे तिथली कातडी काही तासांनी तपकिरी व्हायची. ही साखर त्वचेच्या सर्वांत वरच्या, मेलेल्या थरातल्या अमिनो आम्लांशी जुळते. तव्यावरच्या पोळीला खरपूस डाग पडतात ती रासायनिक क्रिया याच कुळातली. रंग पाच-सात दिवसांत मेलेल्या पेशींबरोबर झडून जातो. आपल्या शरीरसौष्ठव स्पर्धांत मंचावर येण्याआधी पोरं एकमेकांच्या पाठीला गडद रंग फासत उभी असतात. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत हीच साखर असते. तेव्हा ‘महाराष्ट्र श्री’चा पिळदार तांबूस रंग बघून कोणी सनबेडचा शोध घेऊ नये.

फवाऱ्याने हा रंग मारून घेताना नाकात, तोंडात, डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला फक्त बाहेरून लावायची मान्यता दिली आहे, हुंगायची नाही. नाकाला गाळणी, डोळ्यांना झापड, ओठांना बाम मागून घ्यावा. आदल्या दिवशी अंग हलकं घासून मेलेली कातडी काढावी. कोपर, गुडघे, घोटे जाड असतात आणि रंग जास्त पितात, तिथे आधी पुसटसं मॉइश्चरायझर लावावं. आणि हा रंग उन्हापासून वाचवत नाही, सनस्क्रीन वेगळं लावायचंच.

भाचीने साठ मिनिटांचं पॅकेज घेतलं होतं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा हिवाळ्यात सगळ्यांना रोज १० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी घ्यायला सांगते; ती गोळी आता ती घेते, आणि दुपारी उजेड असेपर्यंत नदीकाठी चक्कर मारून येते. साठपैकी सहा मिनिटं वापरून झाली होती. उरलेली चोपन्न त्या दुकानात तिच्या नावावर पडून आहेत.